गड्ड्याच्या दिवसातलं संमेलन आणि शेवटची पाच पानं

आमच्या सोलापूरच्या मंडळाचं ब्रिजचं, म्हणजे चौघांनी दोन-दोनच्या जोड्यांत खेळायच्या पत्त्यांच्या खेळाचं, संमेलन दरवर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा मेळा, भरलेला असतो, पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी यात्रेसाठी घरी आलेली असतात, म्हणून तेच दिवस ठरून गेलेत. दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आणि जेवतानाही पानांचीच चर्चा.

खेळ डुप्लिकेट पद्धतीचा, म्हणजे तीच वाटलेली पानं सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे कोणी काय केलं ते अगदी स्वच्छ कळतं. मला मात्र बक्षीस समारंभापेक्षा आवडतो तो त्याआधीचा तास. कोणीतरी एखादा डाव परत मांडतं, पहिले आठ हात (एक हात म्हणजे चौघांनी टाकलेलं एकेक पान) बाजूला सारतं आणि म्हणतं, चला, इथून बघू. सगळा ब्रिज मला तिथंच दिसतो.

2019 च्या संमेलनातला असाच एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. आदल्या सप्टेंबरमध्येच जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्ण आणलं होतं, त्यामुळे यावेळी नवीन पोरंपोरी पण बरीच आली होती. डिक्लेरर, म्हणजे ठरलेले हात करून दाखवायची जबाबदारी असलेला खेळाडू, होते आमचे अण्णा, हुकूम इस्पिक, पाच पानं उरलेली आणि पाचातले चार हात हवे होते. डमीत, म्हणजे डिक्लेररच्या जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांत, बदामचा एक्का-सत्ती, चौकटचा एक्का-राणी आणि एक हुकूम. अण्णांच्या हातात बदामची पंजी-चव्वी, चौकटची दोन बारकी पानं आणि एक हुकूम. किलवर दोन्हीकडे संपलेलं.

चौकटचं फिनेस, म्हणजे राजा डावीकडे असेल असं धरून राणीनं हात काढायचा प्रयत्न, लागणार नाही हे अण्णांनी मोजून ओळखलं होतं, राजा उजवीकडच्या मुलीकडे होता. मग त्यांचा बेत असा की बदामचा एक्का वाजवायचा, परत बदाम खेळायचं आणि त्या मुलीलाच हात देऊन टाकायचा. तिच्याकडे बदामचा राजा आणि नव्वी, चौकटचा राजा आणि दश्शी, एक किलवर. राजानं हात घेतला की ती अडकली. चौकट उतरली तर थेट एक्का-राणीच्या तोंडात, किलवर उतरली तर डमीतून हुकूम मारायचा आणि हातातली चौकट फेकायची. बाकीच्या टेबलांवर हेच झालं होतं, काँट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, आरामात झालेलं.

या पोरीनं काय केलं, एक्क्याखाली बदामचा राजा टाकला!

टेबल एकदम गप्प. दुसऱ्या बदामला तिच्या पार्टनरचा गुलाम पिकला, त्यानं चौकट खेळली, राणीवर हिचा राजा, एक डाउन, म्हणजे एक हात कमी पडला. अण्णांनी पानं खाली ठेवली आणि म्हणाले, "काय खेळलीस गं पोरी, परत सांग बघू सगळ्यांना."

तिनं सांगितलं ते मी आजही नवीन लोकांना सांगतो. म्हणाली, काका, बदामची राणी तुमच्याकडे असती तर राजा ठेवून मी अडकणारच होते आणि राजा टाकला असता तर तुमची राणी मोठी झाली असती, दोन्हीकडून तुमचे चारच हात. माझं जास्तीचं काहीच जात नव्हतं. पार्टनरकडे मोठी पानं असली तरच आमचा डाव जगणार होता, मग तसंच धरून खेळले.

बचावाची बाजू इतकी सुंदर असते हे आपल्याकडे कमी बोललं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. एंडप्ले (समोरच्याला हात देऊन अडकवणं), स्क्वीझ (त्याला कामाचं पान सोडायला भाग पाडणं) म्हटलं की कौतुक सगळं डिक्लेररचं. पण समोरचा हुकमावर हुकूम वाजवतोय, आपल्याला एकेक पान सोडावं लागतंय, अशा वेळी डमीत ज्या रंगाची चार पानं दिसतायत त्याची आपली चार राखायची, आणि मोठं पान गळ्यात येणार असं दिसलं की ते वेळेत सोडायचं, याला पहिल्या पानापासून मोजणी लागते. शेवटच्या पाचात येऊन मोजायला बसलं तर उशीर झालेला असतो.

त्यानंतरच्या वर्षी समितीनं एक छान गोष्ट केली, सर्वोत्तम बचावासाठी वेगळं बक्षीस ठेवलं, सोलापुरी चादर. पैसे अण्णांनी दिले.