मालक कोण, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

मँचेस्टर युनायटेडची मॅच चालू असताना मी ग्लेझर कुटुंबाच्या नावानं शिमगा सुरू केला, की घरात असो वा कट्ट्यावर, एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही कोल्हापुरात, क्लब इंग्लंडात, मालक अमेरिकेत. तुमचं काय गेलं?" हल्ली त्याला पुरवणीही असते. "एक लाख लोकांचं नवं स्टेडियम बांधणार म्हणतायत, मग रडताय कशाला?" आता विचारलंच आहे, तर सविस्तर सांगतो.

2005 पर्यंत युनायटेडवर कर्ज नव्हतं. त्या वर्षी फ्लोरिडाच्या माल्कम ग्लेझर यांनी सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, तोही बराचसा उधारीवर. समजा, तुमचं घर मी विकत घेतलं, त्यासाठी काढलेलं कर्ज तुमच्याच घरावर चढवलं आणि हप्ते तुमच्या पगारातून वळते केले. झालं ते हेच. व्याज, परतफेड आणि मालकांचा लाभांश धरून तेव्हापासून क्लबमधून एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम बाहेर गेली आहे. (क्लब त्यांच्या हाती गेला त्यात एका घोड्याचीही कथा आहे. मॅग्निअर आणि मॅकमॅनस हे दोघे आयरिश तेव्हाचे सगळ्यात मोठे भागधारक. रॉक ऑफ जिब्राल्टर या शर्यतीच्या घोड्यावरून मॅग्निअर आणि युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन यांचं वाजलं. ते प्रकरण मिटलं, पण पुढं मॅग्निअर आणि मॅकमॅनस यांनी आपला हिस्सा ग्लेझरना विकला.)

काही लोक तेव्हाच क्लब सोडून गेले. त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला, एका सभासदाला एक मत, आणि 2015 मध्ये स्वतःचं मैदानही उभं केलं. इंग्लंडात याचं केवढं कौतुक! आम्हा कोल्हापूरकरांना त्यात नवल वाटत नाही. आमच्या पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ बघा: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, कुणाचंही नाव घ्या. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ लोटते. खेळाडू आता बाहेरून येतात, थेट आफ्रिकेतूनही येतात, पैसा लागतोच. पण अमक्यानं तालीम विकत घेतली असं पेठेत कुणी म्हणून बघावं!

आता स्टेडियम. ओल्ड ट्रॅफर्ड 1910 चं. 1941 मध्ये जर्मन बॉम्बनं स्टँड उद्ध्वस्त केला आणि युद्धानंतर 1949 पर्यंत घरच्या मॅच मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळाव्या लागल्या. आज तिथं साधारण 74,000 लोक बसतात. दक्षिणेकडच्या सर बॉबी चार्लटन स्टँडच्या पाठीला चिकटून रेल्वे रूळ आहेत, त्यामुळं ती बाजू वाढवणं जिकिरीचं. मे 2024 मध्ये आर्सेनलची मॅच संपता संपता धो धो पाऊस आला आणि छपराच्या कोपऱ्यातून खालच्या खुर्च्यांवर अक्षरशः धबधबा कोसळला. आर्सेनलचे पाहुणे "ओल्ड ट्रॅफर्ड कोसळतंय" असं गात होते. ते दृश्य बघून युनायटेडवाल्याला मान खाली घालावीशी वाटली नाही तरच नवल.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश अब्जाधीश सर जिम रॅटक्लिफ यांनी चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त भागीदारी घेतली. फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडं आला, बहुमत ग्लेझरांकडंच राहिलं. मार्च 2025 मध्ये वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीनं केलेला नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर झाला. 200 मीटर उंचीचे तीन खांब, त्यावर मैदानालाच नव्हे तर बाहेरच्या चौकालाही झाकणारं छत, खर्च सुमारे 2 अब्ज पौंड. मँचेस्टर पावसाचं गाव, तेव्हा छत्री मला पटली. पैसे कुठून येणार, याचं नेमकं उत्तर मात्र त्या दिवशी कुणी दिलं नाही. आणि त्याच आठवड्यात रॅटक्लिफ मुलाखतीत सांगत होते, की काटकसर केली नसती तर वर्षअखेरपर्यंत क्लबची तिजोरी रिकामी झाली असती! शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. हंगामाच्या मध्यात तिकीट 66 पौंडांवर नेलं होतं, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही.

म्हणून तिथल्या चाहत्यांत तट पडलेत. काही म्हणतात, 1958 च्या म्युनिक विमान अपघातात गेलेल्या युनायटेडच्या खेळाडूंची आठवण म्हणून लावलेलं घड्याळ जिथं आहे ती जागा सोडायची नाही, तीच दुरुस्त करा. काही म्हणतात, पाडा एकदाचं. दोघांकडंही दाखले आहेत. आर्सेनल 2006 मध्ये एमिरेट्स या नव्या स्टेडियमवर गेलं आणि कर्ज फेडता फेडता चांगले खेळाडू विकत बसलं, 2014 पर्यंत एकही करंडक नाही. वेस्ट हॅम 2016 मध्ये ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये गेलं. तिथं प्रेक्षक मैदानापासून इतके लांब, की अजून कुरबुर थांबलेली नाही.

राहिलं "तुमचं काय गेलं?" खरं सांगू का, माझं काहीच गेलेलं नाही, उलट मालकांना हवं ते गिऱ्हाईक मीच आहे. शेजारच्या सॅलफर्डचा माणूस घरचा जुना स्कार्फ गुंडाळून येतो, वर्षभराचा पास दाखवतो, ओरडतो, घरी जातो. दुकानात तो कशाला शिरेल? आपल्यासारखा माणूस आयुष्यात एकदा गेला, तर जेवणासकट महागडं पॅकेज घेतो, पोराबाळांना जर्सी घेतो, मेहुण्यालाही एक. वाढीव पंचवीस-तीस हजार खुर्च्या कुणाला डोळ्यासमोर ठेवून मांडल्या जातील, हे वेगळं सांगायला नको. पण टीव्हीवर जो आवाज ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, तो त्या पासवाल्याचा असतो. पर्यटक फोन वर धरून शूटिंग करत असतात.

2021 मध्ये काही बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीग या आपल्यापुरत्या वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला, त्यात माल्कम यांचे चिरंजीव जोएल ग्लेझर उपाध्यक्ष होते. जगभर टीव्हीपुढं बसलेले लोक कुठंही बघतील, हाच त्यातला हिशोब. स्थानिक लोक रस्त्यावर आले आणि इंग्लिश क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली. पुढं 2 मे रोजी ग्लेझरविरोधी चाहते थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलची मॅच पुढं ढकलावी लागली. इकडं रविवारी रात्री नऊला चहा-भडंग घेऊन बसलेले आमचे मित्र जाम वैतागले. मला मात्र ती न झालेली मॅच त्या हंगामातली सर्वांत भारी वाटली.

तेव्हा नवं स्टेडियम बांधाच, माझी हरकत नाही. पैसे मालकांनी खिशातून घालावेत, नाहीतर हिस्सा विकून उभे करावेत. पुन्हा क्लबच्या डोक्यावर कर्ज टाकणार असाल तर गळकं छप्पर परवडलं. आणि गोलमागच्या खुर्च्या सॅलफर्ड-स्ट्रेटफर्डच्या पासवाल्यांना, परवडतील अशा दरात. आम्हाला वरच्या टोकाला, खांबाआड बसवलं तरी चालेल.