सरांवर चार शब्द

सर गेले की आठवडाभरात कुणीतरी म्हणतंच, ‘सरांवर चार शब्द लिहा ना.’ चाराचे चारशे होतात आणि त्यातले निम्मे ‘विद्यार्थिप्रिय’, ‘हाडाचे शिक्षक’, ‘साधी राहणी’ यांनीच खाल्लेले असतात. वरचं नाव बदललं तर तोच लेख भूगोलाच्या सरांनाही बसतो.

पहिला घोटाळा तारखांत होतो. जन्मतारीख १ जून दिसली की जरा थांबावं. गावच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असे. खरा दिवस घरी ‘पोळ्याच्या आदल्या दिवशीचा’ असा माहीत असतो. नोकरीला मात्र कागदावरचीच तारीख लागू. त्यात महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे सरांची नोकरी संपली ३१ मेला, भर सुट्टीत, वर्गात एकही पोर नसताना.

शिक्षणाच्या ओळीतही असंच. त्या पिढीला ‘बारावी’ नसते. अकरावीची मॅट्रिक, मग कॉलेज. कोल्हापूरकडच्या सरांनी १९५८ मध्ये बी.ए. केलं असेल तर पदवी पुणे विद्यापीठाची, कारण शिवाजी विद्यापीठ निघालं १९६२ मध्ये. पदवीचा कागद मागून बघावा. बहुतेक घरांत तो गादीखाली किंवा पत्र्याच्या पेटीत असतो.

विद्यार्थ्यांना विचारलं तर ‘फार छान शिकवायचे’ एवढंच हाती लागतं. मग विचारावं, खडू कसा धरायचे? इथे माणसं बोलती होतात. नवा खडू सर आधी मोडायचे. अख्खा खडू टोकाशी धरून सरळ टेकवला की अडखळत, थरथरत सरकतो आणि अंगावर काटा येईल असा किंचाळतो. अर्धा तुकडा तिरका धरला की गप्प. फळ्यावर दोन उभ्या रेघा, तीन भाग: डावीकडे व्याख्या, मधे उदाहरण, उजवीकडे कच्चं काम. डावा भाग तास संपेपर्यंत पुसायचा नाही. उशिरा आलेल्यालाही पत्ता लागावा. डस्टर वरून खाली, सरळ. गोल गोल फिरवलं की सगळा फळा पांढुरका होतो आणि मागच्या बाकाला ‘तीन’चा ‘आठ’ दिसतो. उरलेले तुकडे शर्टाच्या खिशात. शिकवताना हात सवयीने तिथेच जायचा, म्हणून खिशाची कड कायम पांढरी.

तो खिसा धुतला कोणी, हे विचारायला घरी जावं लागतं. तेराव्यानंतर जावं. आधी गेलं तर माणसांची ये-जा चालू असते आणि सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, सगळ्यांना तेच एक वाक्य सांगत असतात. ‘सर स्वभावाने कसे होते?’ याला ‘शांत होते हो’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा ‘पेपर कुठे बसून तपासायचे?’ हे विचारावं. मग कळतं की उन्हाळ्यात पंखा एकवरच असायचा, कारण गठ्ठा सुटला की पानं उडतात. पोरं घामाघूम होऊन कुरकुरायची. गठ्ठ्याची सुतळी तोडायची नाही, गाठ सोडवायची. तिचा गुंडा अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असतो. कॉलेजातले सर आणि घरातले बाबा सापडतात ते अशा वस्तूंत.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९१ ते १९१४ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. त्यांनी सोडवलेलं एखादं उदाहरण आज कुणाला आठवेल? आठवतं ते हिंगण्याच्या आश्रमातून कॉलेजपर्यंतचं पायी येणं-जाणं. पण अण्णा, म्हणजे कर्वे, आश्रमात गुंतलेले असताना घर कसं चाललं, ते वाचायला त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ उघडावं लागतं. आपल्या सरांच्या काकू काही पुस्तक लिहीत नाहीत. त्यांच्याकडून दुसऱ्या चहापर्यंत बसून ऐकावं लागतं.

शेवटी फोटो. निरोप समारंभातला घेऊ नये. हारात तोंड बुडालेलं, हातात नारळ, फ्लॅशने चष्म्यावर दोन पांढरे गोळे. वर्षअखेरचा विभागाचा ग्रुप फोटो शोधावा. त्यात सर बसलेल्या रांगेत असतात आणि चेहरा ओळखीचा असतो. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने; बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि ‘डावीकडून तिसरे’ छापण्याआधी फोटो काकूंना दाखवावा. त्या चष्मा पुसतील, बोटाने मोजतील आणि म्हणतील, ‘तिसरे नव्हेत, चौथे. हा स्वेटर मी विणलेला.’