डबा बाराच्या आधी उघडू नका

प्रवासातलं खाणं घरी करून बघितलं की तक्रार ठरलेली: तीच तिखटमिठाची पुरी, तीच दाण्याची चटणी, पण ती मजा नाही. मजा येणार कशी? पुरी कढईतून थेट ताटात आलेली असते. एसटीच्या खिडकीशी मांडीवर डबा ठेवून खाल्लेली पुरी पाच-सहा तासांची गार, किंचित चिवट आणि शेजारच्या लोणच्याचा वास लागलेली असायची. प्रवासाची आठवण या शिळेपणात आहे. ताज्या पुरीला ती चिकटत नाही.

वासाचा भाग यात मोठा. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रावरून पुढे जातात. वासाला तो वळसा नाही, त्याची वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जवळून जोडलेली असते. बंद डब्यात लसूण, तीळ, हिंग आणि लोणच्याचं तेल सकाळभर एकत्र कोंडलेलं असतं. झाकण उघडताना जो भपका येतो, तो स्वयंपाकघरात कधीच येत नाही, कारण तिथे वास पसरून जातो. म्हणून प्रवासाची चव परत हवी असेल तर शिदोरी शिदोरीसारखीच करावी, भरावी आणि मुरू द्यावी.

सुरुवात दशमीपासून, म्हणजे दुधात भिजवलेल्या भाकरी-पोळीपासून. ज्वारीची भाकरी प्रवासाला नेली की दुपारपर्यंत वाळून तुकडे पडतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि गार होताना भाकरी आणखी कडक होत जाते. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं की दुधातल्या स्निग्धांशामुळे ती जास्त वेळ मऊ राहते. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत दशमीचा आणखी एक फायदा होता. पाण्यात भिजवलेली भाकरी-पोळी खरकट्यात मोडायची, दुधातली दशमी मोडायची नाही. वाटेत कुठेही बसून खायला ती सोयीची.

प्रमाण असं: ज्वारीचं पीठ 2 वाट्या, कणीक अर्धी वाटी, मीठ पाव चमचा, तेल 1 चमचा आणि सोसवेल इतकं गरम दूध, साधारण सव्वा वाटी. दूध एकदम ओतू नका, पीठ किती दूध पितं हे दळणावर असतं. तळहाताने पाच मिनिटं रगडून मळा. थापताना कडा फाटत असतील तर दोन कारणं संभवतात. एक, दूध गार होतं. दोन, पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे एकत्र धरून राहण्याचा गुण, गेली. पहिल्याला इलाज आहे, दुसऱ्यासाठी कणीक थोडी वाढवायची, एवढंच. एवढ्या पिठाच्या पाच-सहा दशम्या होतात. भाकरीसारखं वरून पाणी फिरवायचं नाही, थोडं तेल सोडून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायच्या. थंडीत दोन दिवस टिकतात. मे महिन्यात मात्र सकाळी केलेल्या त्याच दिवशी संपवाव्यात.

गोड दशमीला 2 वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि अर्धी वाटी दूध पुरतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे उकळत्या दुधात गूळ टाकणं. दूध फाटतं. दूध कोमट असू द्या, गूळ विरघळला की गाळून घ्या, कारण गुळातली खर दाताखाली आली की सगळा आनंद गेला. कणकेला 2 मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन द्या आणि पीठ घट्टच भिजवा. गुळाचं पीठ ठेवलं की सैल पडतं, तेव्हा दहा मिनिटांच्या आत लाटायला घ्या. आच मंद हवी, गूळ पटकन करपतो.

आता चटणी. 1 वाटी खमंग भाजून सोललेले दाणे, 8-10 लसूण पाकळ्या, 2 चमचे तिखट, अर्धा चमचा जिरं, मीठ. खलबत्ता असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलात तर लगदा होतो. लसूण आधी थोड्या तेलात कोरडी होईपर्यंत परतली तर चटणी जास्त दिवस टिकते, पण कच्च्या लसणीचा झणका जातो. दोन दिवसांच्या प्रवासाला कच्चीच बरी. ही चटणी वेगळ्या डबीत न्यायची पद्धत आहे, पण खरी गंमत दशमीच्या घडीत आहे. दशमी पूर्ण गार झाल्यावर त्यावर एक मोठा चमचा चटणी पसरून घडी घाला. दोन-तीन तासांत दाण्याचं तेल दशमीत उतरतं, आतली बाजू लालसर होते, आणि घडीच्या कोपऱ्यात तेलाचा एक पारदर्शक डाग उमटतो. तो डाग दिसला की समजा, जमलं.

तिखटमिठाच्या पुऱ्यांना 2 वाट्या कणीक, 2 मोठे चमचे बेसन, 2 मोठे चमचे गरम तेल, दीड चमचा तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. कोथिंबीर आणि मेथी घातली की चव वाढते पण टिकाऊपणा घटतो, लांबच्या प्रवासाला नको. पीठ दगडासारखं घट्ट, वीस मिनिटं झाकून. पुरी जराशी जाड लाटा. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पुरी तेल पिते आणि दुसऱ्या दिवशी खवट लागते. टम्म फुगलेली पुरी तशीच डब्यात ठेवू नका, आतली वाफ तिला लिबलिबीत करते. टोचून वाफ जाऊ द्या.

बटाट्याची भाजी फक्त पहिल्या जेवणापुरती. कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं यांपैकी काहीही नको, आणि उन्हाळ्यात चार-पाच तासांत संपवायची.

डबा बिघडतो तो बहुतेक वेळा भरताना. गरम पदार्थावर झाकण लावलं की वाफेचे थेंब झाकणाला जमून खाली गळतात, आणि सगळ्यात वरची पुरी आधी आंबते. जाळीवर किंवा सुती फडक्यावर अर्धा तास पूर्ण गार करा, डबा कोरडा पुसा, तळाशी आणि वर फडकं घाला. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय सोडलेली बरी, शाई तेलात उतरते. बातम्या वाचत पुरी खाण्याची मजा गेली, हे मान्य.

सोबत पाणी. पूर्वी फिरकीचा तांब्या असायचा, पितळी, आट्याचं झाकण असलेला. माळ्यावर पडला असेल तर काढा, पण आतली कल्हई तपासल्याशिवाय वापरू नका, आणि पितळेत ताक किंवा लिंबाचं सरबत कधीच भरू नका.

कर्जतच्या वड्याची आठवण मात्र अशी घरी काढता येत नाही. 1863 मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर चढ 37 फुटांना 1 फूट इतका आहे. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, आणि तेवढ्या वेळात खिडकीतून वडा घ्यायचा. गाडी सुटायच्या आत सुटे पैसे सापडतील का, ही धाकधूक त्या वड्याच्या चवीत आहे, आणि ती कढईत येत नाही.

दशमीचं तसं नाही. रविवारी सकाळी सातला डबा भरा, बाराच्या आधी उघडू नका, आणि ताट घेऊ नका. झाकणातच लोणच्याची फोड ठेवा. खार मनगटावरून ओघळतो, म्हणून जुना रुमाल जवळ असू द्या.