मोह पडायच्या दिवसांत

माझी मावसबहीण पुण्याला असते. दर वर्षी तिचा फोन येतो, "ताई, केरळला जाऊ या का गं? जंगलही होईल आणि खाणंही." यंदा मी म्हटलं, "तूच नागपूरला ये. पण मी सांगेन त्या तारखांना." उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्याला नारळ आणि पाऊस आठवतो. पण त्याची उत्तरेची हद्द, कर्कवृत्त, तर पार तिकडे भोपाळजवळून जातं, म्हणजे आपलं सागाचं, पानगळीचं जंगलही त्याच पट्ट्यातलं. आणि पेंचचा व्याघ्र प्रकल्प घरापासून जेमतेम ७० किलोमीटर.

तारखांचा हट्ट उगाच नव्हता. चार वर्षांपूर्वी मुलांच्या सुट्ट्या बघून आम्ही मे महिन्यात गेलो होतो. दोन दिवसांत चार सफारी. वाघ दिसला, अगदी रस्त्यावर आडवा बसलेला दिसला. पण जिथे उतरलो तिथे जेवायला पनीर, नूडल्स आणि गुलाबजाम. कुंपणाबाहेर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकून पडली होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही तोंडाला ती लागली नाहीत. घरी आल्यावर आईने विचारलं, "मंग तिथं खाल्लं काय?" तिचं लहानपण पेंचजवळच्याच देवलापारच्या बाजूचं. तिला काय सांगावं ते मला सुचेना. तो प्रश्न मनात रुतून बसला.

म्हणून या वेळी आधी खाणं ठरवलं, मग मुक्काम आणि सगळ्यात शेवटी सफारी. मोहाची फुलं मार्चच्या मध्यापासून गळायला लागतात. मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची संत्री तेव्हा संपत आलेली असतात, तरी काटोलकडची शेवटची गोड फळं बाजारात सापडतात. शिवाय आकाश. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेल्या काळ्या आकाशाचा दर्जा मिळाला, तो मान भारतात सगळ्यात आधी पेंचलाच. तारे बघायचे तर चंद्र नको, म्हणून फाल्गुनातली अमावास्या धरली. सफारी एकच घेतली, तीही दुपारची, कारण सकाळ मोहासाठी राखायची होती. बुकिंग करताना गेटचा सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र पावसाळ्यासाठी बंद असतं, हेही लक्षात असू द्या.

निघालो तर्री पोहे खाऊन. मनसर मागे पडलं आणि हमरस्ता सोडला, तसं आईचं बोलणं बदललं. "हे कुलूचं झाड पाय," ती बहिणीला दाखवत होती. पानं झडलेलं, चुन्यासारखं पांढरं खोड. आम्ही राहिलो गावातल्या एका घरी. फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही जे खाता तेच करा, आमच्यासाठी वेगळं काही नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. रोडगा फोडला की आतल्या पदरांतून वाफ निघते, त्यावर तूप सोडायचं आणि बोलायचं नाही.

पहाटे साडेपाचला घरच्या काकू आम्हाला त्यांच्या शेताच्या बांधावरच्या मोहाखाली घेऊन गेल्या. आत जंगलात नेलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, आणि वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या घटना विदर्भाला नव्या नाहीत. झाडाखाली आंबूस-गोड वास दाटून राहिला होता. फुलं अजून गळत होती, टप्, टप्, वाळल्या पानांवर. मी एक उचललं. बोटाच्या पेराएवढं, फिकट पिवळं, रसाने फुगलेलं, मध्ये आरपार भोक. दाताखाली आलं तेव्हा आधी गोड, मागून किंचित उग्र.

"फूल खुडाचं नाही, त्याले पडू द्याचं," काकू म्हणाल्या. "पांढुरकं हाय ते आजचं, लाल पडलं ते कालचं."

फुलं दिसावीत म्हणून पूर्वी झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचे, आणि तीच आग पुढे जंगलात शिरायची. काकूंनी खराट्याने झाडून जागा लख्ख केली होती. आई न सांगता खाली बसली आणि वेचू लागली. सत्तरीची आई, दोन्ही हातांनी, आमच्या दुप्पट वेगाने. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. बहिणीने फोटो काढायला फोन वर केला आणि मग तसाच खाली ठेवून तीही वेचायला बसली.

दुपारच्या सफारीत वाघ दिसला नाही. गवे दिसले, आणि पळसाखाली पडलेली केशरी फुलं खाणारी चितळं. मला तेवढं पुरलं. बहिणीला थोडी रुखरुख होती, ती रुखरुख रात्री आकाशाखाली विरली. मृग नक्षत्र पश्चिमेकडे कललेलं, व्याध लखलखणारा, आणि दोघांच्या मधल्या जागेतही इतके तारे की ती नक्षत्रंच शोधावी लागत होती.

सावजी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवलं. कोष्ट्यांच्या, विणकरांच्या घरातलं हे जेवण, जवसाच्या तेलातला तो काळा, जाळ रस्सा. सफारीच्या जिप्सीत हादरे खाण्याच्या आदल्या दिवशी तो पोटात नको, एवढं मी अनुभवाने सांगते. परतताना इतवारीकडे जेवलो. बहिणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिने दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

पाडव्याला घरी गुढी उभारली. आईने काकूंनी दिलेली मोहफुलं उकडून, वाटून कणकेत मळली आणि पुऱ्या तळल्या. साखर चिमूटभरही घातली नाही. बहीण पुण्याला चार पुऱ्या डब्यात घेऊन गेली, आणि स्टेशनवर गाडी हलता हलता तिने विचारलं, "सात्या कधी निघतात म्हणालीस?" सात्या म्हणजे पावसाळ्यात उगवणारी रानातली अळिंबी. मी म्हटलं, पाऊस चांगला लागला की. गाभा बंद असेल, तरी काकूंची चूल चालू असते. खोली आम्ही आताच सांगून ठेवली आहे.