दाढ चांगली होती

मावशींनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून प्लास्टिकची एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत एक दाढ होती. उजवीकडची, खालची, दुसरी. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात काढलेली.

"ही काढली तरी थांबलं न्हाई बाई. म्हंजे शेजारची हाय. ती बी काढून टाका."

मी ती दाढ उजेडात धरून पाहिली. दोन्ही मुळं शाबूत, वरच्या खाचांमध्ये मिसरीचे काळे डाग, कीड कुठेच नाही. मनात आलं, कुणीतरी चुकीची दाढ काढली. त्या कधी न पाहिलेल्या डॉक्टरबद्दल माझं मत तिथल्या तिथे तयार झालं. एक धडधाकट दाढ काढण्यापर्यंत गोष्ट कशी गेली असेल, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. त्या दिवशी विचारलं असतं तर मावशींचे दोन महिने वाचले असते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. मावशी साठीच्या, आठवडी बाजारात कांदा-बटाटा विकतात. ही ऑगस्टच्या शेवटाची गोष्ट.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम हातांचं. खरं तर निम्मं काम दुखरा दात शोधण्याचं असतं. दाताच्या आतला मगज दुखायला लागला की रोग्याला जागा नीट सांगता येत नाही. खालची दाढ सडलेली असते आणि माणूस वरच्या दाढेवर बोट ठेवतो. म्हणून आम्ही दातांची साक्ष काढतो. सुईच्या टोपणात पाणी भरून गोठवलेली बर्फाची कांडी प्रत्येक दाताला लावायची आणि ठणका किती वेळ राहतो ते मोजायचं. आरशाच्या दांड्याने ठोकून बघायचं. कापसाची गुंडाळी चावायला देऊन, दाब सोडताना कळ येते का ते विचारायचं. एक्स-रे काढायचा. या साक्षी एकमेकींशी जुळल्या तरच हत्यार उचलायचं.

मावशींच्या शेजारच्या, म्हणजे पहिल्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती आणि एक्स-रेत तिच्याखाली पुसटशी सावली होती. बर्फ लावल्यावर कळ आली, पण आजूबाजूच्या दातांनाही थोडी आलीच. मग मी डाव्या हाताच्या बोटाने ओठाचा कोपरा बाजूला ओढला, आरशाचा दांडा दाढेवर टेकवून हलकेच ठोकलं आणि मावशी खुर्चीतून उसळल्या. डोळा मिटला, पाणी आलं, हात गालापाशी जाऊन इंचभर अलीकडे थबकला. मी कागदावर लिहिलं : ठोकल्यावर तीव्र वेदना.

गालात त्यांनी लवंग धरली होती. विचारलं, काही फरक? "जरा बी न्हाई." या उत्तरावरही मी थांबायला हवं होतं, आणि त्यामागचं विज्ञान मला तोंडपाठ होतं म्हणून त्याची जास्त टोचणी आहे. दाताला थंड कसं कळतं, याचं जुनं स्पष्टीकरण असं, की दंतिनातल्या, म्हणजे दाताच्या कवचाखालच्या थरातल्या, सूक्ष्म नळ्यांमधला द्रव थंडीने हलतो आणि त्या हालचालीने मज्जातंतू चेतवले जातात. 2021 साली जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यात भर घातली. दंतिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीसी5 नावाची एक वाहिनी, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं सूक्ष्म दार, असते आणि ती स्वतःच थंडी ओळखते, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं. लवंगेतलं युजेनॉल नेमकी हीच वाहिनी अडवतं. आज्यांच्या लवंगेला पेशीच्या पातळीवरचा खुलासा मिळाला, याचा मला इतका आनंद झाला होता की तेव्हा कितीतरी रोग्यांना मी ही गोष्ट ऐकवली होती. आणि ज्या दुखण्यावर लवंग रतीभरही चालत नव्हती, ते दुखणं समोर बसलेलं असताना मला ही गोष्ट आठवली नाही.

तरी खात्री करावी म्हणून खालच्या जबड्याच्या नसेला भूल दिली. 2 टक्के लिग्नोकेन. पाच-सहा मिनिटांत ओठ बधिर झाला. मावशींनी गालाला हात लावून बघितला, मग ओल्या पदराने खसाखसा तोंड पुसलं. पदरावर कांद्याच्या सालींचा लालसर चुरा आला, फक्त उजव्या गालावरचा. डावा गाल स्वच्छ होता. "लई दिवसांनी पुसलं बघा," म्हणाल्या.

भूल दिल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे उगम त्याच भागात. आम्हाला असंच शिकवलेलं. दाढ काढायची नाही, वाचवायची, असं मी ठरवलं. मावशींच्या मुलाला समजावलं आणि रूट कॅनालला सुरुवात केली.

चांदी काढली, खालची कीड काढली. ती वरवरचीच होती. मगजाच्या पोकळीत शिरले तेव्हा आतून लालभडक, ताजं रक्त आलं. ओल्या कापसाचा बोळा दाबून धरला आणि दोन मिनिटांत रक्त थांबलं. मगज सुजून कामातून गेलेला असला की रक्त काळपट येतं आणि बोळ्यामागून बोळे भिजतात. असं चटकन थांबणारं रक्त निरोगी मगजाचं. हे मी पाहिलं, मला ते कळलं, आणि तरीही मी सुई आत घातली. बाकीच्या साक्षी जुळल्या होत्या, बाई रडत होती, मुलगा दारात उभा होता, दाढ उघडून झाली होती. या दोन मिनिटांपाशी मी अजून येऊन थांबते.

मावशींचं दुखणं त्याच दिवशी गेलं. सप्टेंबरात कॅप बसवली. जाताना त्यांनी निवडक कांद्यांची जाळी ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण हाय." मला ते खरं वाटलं.

दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी त्या परत आल्या. पदर गालापासून इंचभर लांब धरलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "पंखा बंद करा बाई." तेव्हा आठवलं, ऑगस्टातही माझ्या मदतनीस मुलीने त्यांच्यासाठी पंखा बंद केला होता. आम्हाला वाटलं होतं, थंडी वाजत असेल.

"कॅपची दाढ काढून टाका. आता ऐकायची न्हाई मी."

त्या दाढेत आता मगज नव्हता. तिला थंड कळणं शक्य नव्हतं. मी एक्स-रे काढला, मुळांच्या टोकापर्यंत भरणं व्यवस्थित होतं. मावशींना तोंड उघडायला सांगितलं आणि ओठाला अजिबात हात न लावता कॅपवर ठोकलं. काही नाही. जोरात ठोकलं. काही नाही. मग सवयीने बोटाने ओठाचा कोपरा ओढला, आणि त्या उसळल्या.

मी अजून दाढेवर ठोकलंच नव्हतं.

ऑगस्टात जे मी "ठोकल्यावर वेदना" म्हणून लिहिलं होतं, ते ठोकल्यामुळे नव्हतंच. माझ्या बोटामुळे होतं. कापसाचा एक धागा पिळून मी बारीक वात केली. मावशींना विचारलं, एकदाच लावू का? त्यांनी डोळे मिटून मान हलवली. ओठाच्या उजव्या कोपऱ्याला वात टेकली न टेकली तोच तोंड वाकडं झालं, डोळा मिटला, श्वास अडकला. घड्याळाकडे बघत होते, दहा-बारा सेकंद. कळ ओसरल्यावर लगेच तिथेच पुन्हा वात लावली. काहीच नाही. झटका येऊन गेल्यावर ती नस थोडा वेळ गप्प राहते, ही त्या आजाराची खूण.

"मावशी, झोपेत दुखतं का?"

"झोप लागली की न्हाई. सकाळी तोंडाला पाणी लावलं की वीज पडल्यागत."

मगज सुजलेला दात रात्री आडवं झाल्यावर जास्त ठणकतो. हा प्रश्न ऑगस्टात विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी मस्तिष्क-नस. तिचं मूळ मेंदूच्या देठातून जिथे निघतं, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तिथेच घासते. नसेवरचं मायलिनचं आवरण विरळ होतं आणि स्पर्श नेणाऱ्या तंतूंतला संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूंत उडी मारतो. मग वाऱ्याची झुळूक, पदर, घास, कशानेही वीज पडते. दुखतं दाढेत, बिघाड असतो कवटीच्या आत. चांगले दात काढून घेतलेले असे रोगी जगभर आहेत.

मग माझ्या दोन पक्क्या पुराव्यांचं काय? भूल दिल्यावर दुखणं थांबलं, कारण लिग्नोकेन नसेतल्या सोडियमच्या वाहिन्या बंद करतं आणि ओठाचा कोपरा बधिर झाला की झटक्याचं बटणच दबत नाही. आणि रूट कॅनालनंतरचे आरामाचे आठवडे? हा आजार मधूनमधून आपोआप ओसरतो, आठवडे, महिने, कधी वर्षंही. माझा गुण त्या ओसरण्यात लागला होता. माझ्या आधीच्या डॉक्टरला असा ओसरता काळ मिळाला नाही, एवढाच आमच्यातला फरक.

मुलगा भडकला. "दात काढायला आलोय मॅडम, डोक्याचा डॉक्टर कशाला?" त्याचं चूक नाही. सहा हजारांचं काम करून आता मीच म्हणत होते, की दाढेत काही नव्हतंच. दाढ काढली तर लोक पैसे देतात. न काढण्याचे, अर्धा तास नुसतं बघण्याचे पैसे आमच्या धंद्यात कुणी देत नाही, आणि त्याची किंमत शेवटी रोग्याच्या जबड्यातून वसूल होते. शिक्षणातही तेच. आमच्या वेळी हा आजार परीक्षेत पाच मार्कांची टीप होता. व्याख्या, लक्षणं, उपचार. खुर्चीत बसलेला तो कसा दिसतो, कापसाची वात कशी लावायची, हे कुणी दाखवलं नाही.

मी चिठ्ठीत माझ्या रूट कॅनालसकट सगळं लिहिलं आणि त्यांना पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआय 3 टेस्लाच्या मशीनवर झाला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 60 हजार पट ताकदीच्या त्या क्षेत्रात शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू संदेश देतात आणि एका खास पद्धतीच्या चित्रात मेंदूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, नसा त्यात काळ्या रेघांसारख्या. मुलाने फिल्म माझ्याकडे आणली. खिडकीच्या काचेला लावून मी त्याला दाखवलं : ही डावीकडची नस, सरळ. ही उजवीकडची, आणि हा तिच्यावर टेकलेला रक्तवाहिनीचा विळखा. दुखत नसलेल्या लोकांतही अशी वाहिनी टेकलेली सापडते, त्यामुळे नुसत्या चित्रावर निदान होत नाही. पण मावशींच्या ओठाचा कोपरा आणि हे चित्र मिळून गोष्ट पूर्ण होत होती. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे दाढेत कसं दुखतं?"

कार्बामाझेपिन सुरू झाली. फिट्सची गोळी, 1962 पासून या दुखण्यावर वापरतात. तीही सोडियमच्या वाहिन्याच अडवते, म्हणजे माझ्या इंजेक्शनने ऑगस्टात जे दार तासभर बंद केलं होतं, तेच. काही लोकांना ही गोळी जनुकीय कारणाने घातक ठरते, त्वचा सोलवटून निघते. त्यासाठीची रक्ततपासणी तिथल्या डॉक्टरांनी आधीच करून घेतली होती. तरीही मी मुलाला दोनदा बजावलं, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आईने उजवीकडून भाकरी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली, 'वेदनेवर नवी गोळी'. ती सुझेट्रिजिनची होती. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये मान्यता मिळालेली, एनएव्ही1.8 ही सोडियमची एकच वाहिनी निवडून अडवणारी. संशोधन खरोखर मोठं आहे. व्यसन न लावणारी अशी गोळी यावी म्हणून लोकांनी आयुष्यं घातली आहेत. पण ती मान्यता अचानक उद्भवलेल्या, थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी आहे, मावशींच्या दुखण्यासाठी नाही. मी तसं कळवलं. त्यावर त्याने लिहिलं, "म्हणजे अजून थांबायचं." कवटीला छोटं भोक पाडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायची शस्त्रक्रिया आहे, चांगली आहे, पण मावशी डोकं उघडायला तयार नाहीत. गोळीने झोप येते, कांद्याचा हिशेब चुकतो, अशी त्यांची तक्रार आहे.

परवा त्या आल्या. दोन्ही गाल धुतलेले, पंखा चालू. बसल्या आणि शेजारच्या बाईला सांगू लागल्या, की या डॉक्टरीणबाईंनी माझी नस काढली म्हणून मी उठून बसले. मला ते ऐकवेना. शेजारची बाई गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांना सांगितलं : मावशी, मी जिच्यातली नस काढली ती दाढ चांगली होती. तुमचं दुखणं तिच्यात नव्हतं. माझी चूक झाली. पैसे परत घ्या.

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग कमरेची पिशवी चाचपली.

"मग ती आधी काढली ती?"

"तीही चांगलीच होती."

त्यांनी पुडी बाहेर काढली नाही. पिशवीची गाठ पुन्हा आवळली, पैशाचा विषय हाताने उडवून लावला आणि विचारलं, संध्याकाळची गोळी जेवायच्या आधी घ्यायची का नंतर.