मिनी ऊर्फ बाबू

पायाला खाज सुटली तेव्हा नवरा म्हणाला डास. जुलैमध्ये गोव्यात काहीही चावलं की उत्तर डासच असतं, त्यामुळे मीही संध्याकाळी एक अगरबत्ती जास्तीची लावली आणि गप्प बसले. पण चार दिवसांनी नीट बघितलं तर घोट्याच्या जरा वर, मोज्याचं इलॅस्टिक येतं तिथे, तीन तीन लाल ठिपके, तेही ओळीत, कुणी धावदोरा घातल्यासारखे. डास इतक्या शिस्तीत चावत नाही, आणि त्याला घोटेच कशाला हवेत, मान आहे, कोपर आहे, कान आहे, सगळं अंग मोकळंच आहे त्याला. म्हणजे हे जे कोण होतं ते जमिनीवरून येत होतं, आणि आमच्या घरात रोज जमिनीवरून येणारा पाहुणा एकच, बाबू.

बाबू म्हणजे शेजारच्या आंटीचं मांजर. म्हणजे असं मी समजत होते. म्हापशाजवळच्या या वाड्यावर आम्ही राहायला आलो त्याला आता सहा वर्षं होतील, तेव्हापासून आंटीच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, वेताच्या खुर्चीवर हे तिरंगी मांजर पसरलेलं असतं, पांढऱ्यावर काळे नि केशरी डाग, एका कानाचं टोक सरळ कापलेलं. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की ते आंटीच्या पायरीवर हजर, दुपारी मी मासळी साफ करायला बसले की आमच्या मागच्या दारात हजर, आणि मधल्या वेळात माझ्या इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर. आंटी त्याला मिनी म्हणते. मी बाबू म्हणते. ते दोन्ही हाकांना सारखंच दुर्लक्ष करतं.

तर मी कुंपणाशी जाऊन जरा चाचरतच म्हटलं, आंटी, तुमच्या मांजराला पिसवा झाल्यात वाटतं. आता हे काही सहज बोलण्यासारखं वाक्य नाही, दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यात उवा आहेत सांगण्यापैकी आहे. आंटी मोगऱ्याची कुंडी सरकवत होती, ती सरळ झाली आणि म्हणाली, "म्हजें न्हय गो तें. येता, खाता, न्हिदता आनी वता." आणि वर मलाच विचारते, तुमचंच ना ते? तुम्ही आलात तेव्हापासूनच दिसतंय! सहा वर्षं दोघीही समजत होतो की मांजर समोरच्या घरचं आहे आणि आपण आपल्या चांगुलपणाने त्याला घास घालतोय.

कुणाचं का असेना, पिसवा आहेत की नाहीत ते तरी बघू म्हणून मी घरातला पांढरा पंचा आणला, पाण्यात बुडवून पिळला आणि खुर्चीच्या उशीवर अंथरला. उवांची बारीक फणी घरात होतीच, आईने कधीतरी पाठवलेली, ती बाबूच्या पाठीवरून शेपटीच्या बुंध्याकडे उलटीसुलटी फिरवली. त्याला वाटलं लाड चाललेत, त्याने ढुंगण वर केलं. फणीतून पंच्यावर काळे दाणे पडले, मिरपूड सांडल्यासारखे. आंटी म्हणाली माती आहे, पावसात लोळतं ते. मीही तेच म्हटलं असतं, पण मिनिटभरात त्या दाण्यांभोवती ओला फडका लालसर तपकिरी होत गेला, प्रत्येक दाण्याला स्वतःचं एक छोटं वर्तुळ. माती अशी रंग सोडत नाही. ती पिसवांची शी असते, म्हणजे मांजराचं रक्तच, पिऊन पचवून बाहेर टाकलेलं. "सायबा, हें रगत!" आंटीने खुर्चीवरून मांजराला नाही, स्वतःला उचललं आणि दोन पावलं मागे गेली.

मग प्रत्यक्ष पिसूही दिसली, फणीच्या दातात अडकलेली, तांबूस, तिळाहून लहान. मी तिला बोटाच्या चिमटीत धरून दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली, चिमूट उघडली, गेली. उवा मारायचा लहानपणीचा अनुभव इथे कामाचा नाही, कारण पिसू आडवी चपटी नसते, उभी चपटी असते, पुस्तक कपाटात उभं ठेवतात तशी, केसांच्या जंगलातून सरसर निघायला सोयीची, आणि वरचं कवच एवढं टणक की नखावर नख धरून टचकन आवाज येईपर्यंत दाबावं लागतं. उडी तर विचारूच नका. दोन-तीन मिलिमीटरचा जीव वीतभर उंच जातो. अंगात रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रोटीन असतं, ते आधी दाबून धरायचं आणि मग एकदम सोडायचं, म्हणजे नुसत्या स्नायूंची ती करामत नाही, गलोल आहे. पंख नसतानाही जमतं म्हणून थोडं कौतुक वाटलं, पण घोटा खाजवता खाजवता किती कौतुक करणार.

शेवटी वाडग्यात पाणी घेऊन त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले. साध्या पाण्यावर त्या तरंगतात आणि वेळ मिळाला की उडूनही जातात, साबण घातला की तळाला. अकरा मोजल्या आणि मग बाबूचा मूड गेला.

संध्याकाळी सावंतवाडीला आईला फोन केला तर ती आधी हसली, मग म्हणाली, "मांजराक कसलो डॉक्टर गो?" कडुलिंबाचा पाला उकळून त्याच पाण्याने आंघोळ घाल. मांजराला. आंघोळ. बरं. आंटीचं म्हणणं निलगिरीचं तेल चोळ, तिच्याकडे बाटली होतीच, सर्दीसाठीची. आणि एका दुकानात, जिथे कोंबड्यांच्या खाद्यापासून कुत्र्यांच्या पट्ट्यापर्यंत सगळं मिळतं, तिथल्या माणसाने माझ्यासमोर कुत्र्यांची ड्रॉप्स ठेवली आणि अगदी आत्मविश्वासाने सांगितलं की औषध सगळं सेमच असतं मॅडम, मांजर लहान ना, अर्धंच घाला. मांजरांचं वेगळं महाग पडतं, उगाच कशाला. मी ते विकतही घेतलं हो. घरी आणून फ्रिजवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंटीच्या हातात मांजर आणि माझ्या हातात ती ट्यूब अशी तयारीही झाली होती, पण बाबूने आंटीच्या मनगटावर चार रेघा ओढल्या आणि माडावर जाऊन बसला. आज मी त्या चार रेघांची ऋणी आहे.

कारण नंतर शेवटी आम्ही त्याला प्लास्टिकच्या मासळीच्या टोपलीत, वर दुसरी टोपली उलटी बांधून, व्हेटकडे नेलं आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी ती ट्यूब बघून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या लिव्हरला ते फोडून बाहेर टाकता येत नाही, मग अंग थरथरायला लागतं, फिट्स येतात, मांजर जातं. अर्धं घातलं, पाव घातलं, काही फरक नाही. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषच, कारण तेच, लिव्हरमधली तीच कमतरता. निलगिरी, टी ट्री वगैरे तेलंही नकोत, ते स्वतःचं अंग चाटणार आणि सगळं पोटात जाणार. आंटीने पर्समधली बाटली हळूच आणखी खाली सरकवली ते मी बघितलं.

पण ती सगळी बोलणी नंतरची. आधी काउंटरवर मुलाने रजिस्टर उघडून विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हटलं बाबू. ओनर? मी आंटीकडे बघितलं, आंटी भिंतीवरच्या कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होती. मी म्हटलं, शेजारी. त्याने मान वर करून बघितलं आणि तेच लिहिलं. डॉक्टरबाईंनी टोपली उघडली, बघितलं आणि हसल्या. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, केशरी रंगाचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो म्हणून काळा आणि केशरी दोन्ही हवे तर एक्स दोन लागतात. म्हणजे सहा वर्षं आंटीचं बरोबर. आणि कापलेलं कानाचं टोक म्हणजे कुणीतरी तिला पकडून, ऑपरेशन करून, खूण करून परत सोडलेलं. म्हणजे आम्हा दोघींच्याही आधी तिसऱ्या कुणीतरी तिचा विचार केला होता, आणि आम्ही समजत होतो की कान भांडणात गेला.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण फौजेच्या जेमतेम ५ टक्के. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते, अंडी चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे साखरेसारखी सांडतात. मग अळ्या, उजेडापासून पळणाऱ्या, गादीच्या शिवणीत आणि फरशीच्या फटीत शिरून तीच काळी शी खाऊन वाढणाऱ्या. मग कोष. बाकीचे ९५ टक्के घरात. "कुठे झोपतं मांजर?" त्यांनी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर इस्त्रीचे कपडे आले, आंटीच्या डोळ्यांसमोर बहुतेक उशी. आम्ही दोघी एकदम म्हणालो, बाहेर.

हवा कोरडी असेल तर अळ्या मरतात म्हणे. आमच्याकडे जुलैमध्ये उघडा राहिलेला पापड तासाभरात रुमालासारखा होतो, मीठ डब्यातून चमच्याने खरवडावं लागतं, कपाटातल्या चपलांवर हिरवं उगवतं. पिसवांना यापेक्षा बरं गाव कुठलं.

मांजरांचं पिसवांवरचं औषध, फिप्रोनिल, मिळालं, अर्ध्या मिलीची चिमुकली पिपेट. मानेवर, डोक्याच्या जरा खाली, केस बाजूला करून सरळ कातडीवर घालायचं, तिथे तिची जीभ पोचत नाही म्हणून. अट एकच, अंग कोरडं हवं आणि पुढे दोन दिवस भिजू द्यायचं नाही. जुलैमध्ये! मांजर यायचं ते थेंब गाळत, पुसलं की अंग चाटून पुन्हा ओलं, आणि वाळेपर्यंत पुन्हा बाहेर. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत असते त्यामुळे लाच द्यायला समुद्राची मासळीही धड नाही. तिसऱ्या दिवशी आंटीने खारा बांगडा तीन पाणी बदलून धुतला, उकडला, काटे काढले आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. मिनी बशीत तोंड घालून होती, आंटी तिच्या कपाळावरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटत होती, मला वाटतं प्रार्थनाच, आणि मी मागून केस विंचरून दोन्हीकडे केले. आत कातडी दिसली, इतकी गुलाबी आणि पातळ की मला उगाच चोरटं वाटलं. पिपेट दाबली. तिने एकदा मान हलवली आणि खात राहिली. ते दोन दिवस ती आंटीच्या स्टोअररूममध्ये कैदेत होती आणि तिचं ओरडणं सगळ्या वाड्याने ऐकलं.

तेवढ्यात घरांचं काम. आंटीने बाल्कांवातल्या सगळ्या उशांची क्रोशाची कव्हरं काढली, तिच्या आईच्या हातची ती, आणि मागच्या चुलीवर तांब्याच्या भाणात पाणी कढत करून त्यात बुडवली. मी व्हॅक्युम क्लीनर घेऊन दोन्ही घरांतल्या खुर्च्या, पलंगाखालचे कोपरे, भिंतीकडेच्या फटी. आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोन दिवस पिसवा वाढल्याच. नवरा म्हणाला बघ, डासच आहेत. पण ते डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, कोषातली पिसू महिनोन् महिने गप्प बसू शकते, हादरा बसला, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायॉक्साइड आला की तिला कळतं जेवण आलं आणि ती बाहेर येते. म्हणजे मी मशीन फिरवून दार ठोठावत होते. येऊ देत बाहेर, बाहेर येऊन मांजरावर चढू देत, मांजरावर औषध आहे. म्हणून एक डोस पुरत नाही, निदान तीन महिने दर महिन्याला घालायचा आणि मशीन चालूच ठेवायचं.

पिसू ही काही नुसती खाजेची गोष्ट नाही हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक उंदीर पडलेला बघून घर सोडायचे, पण उंदरातून माणसात तो आणणारी पिसू आहे हे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं, तेही सुरुवातीला फारसं कुणी मानलं नाही. ती उंदरावरची पिसू वेगळी, मांजराची वेगळी. हे मी आंटीला सांगायला गेले ते चुकलंच, तिने तो पूर्ण दिवस पुन्हा भाण पेटवलं.

पंधरा दिवसांनी आंटीला उशीवर तांदळाच्या कण्या दिसल्या. तिने झटकल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक कणी हलली. ते पट्टकृमीचे तुकडे, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि पिसूच्या पोटातून जंत मांजराच्या पोटात. मी तेव्हा आईकडे गेले होते, त्यामुळे आंटी एकटीच रिक्षाने टोपली घेऊन गेली. ज्या बाईने महिन्यापूर्वी कुंपणाशी उभं राहून तें म्हजें न्हय म्हटलं होतं तिने हे मला फोन करून सांगितलंही नाही, मी परत आल्यावर गोळी कशी लोण्यात घालून दिली ते साभिनय करून दाखवलं.

काल सकाळी चहा घेताना मोबाइलवर क्लिनिकचा मेसेज आला, बाबूचा पिसवांचा डोस आज ड्यू आहे. कप खाली ठेवेपर्यंत दुसरा आला, मिनीचा पिसवांचा डोस आज ड्यू आहे, तोही माझ्याच नंबरवर. आंटीला विचारलं तर म्हणाली त्या दिवशी डॉक्टर दुसऱ्याच होत्या, मुलगाही नवा, त्याने नाव विचारलं ते मिनी सांगितलं, फोन तुझा दिला कारण माझा कधी उचलायचा राहतो. आणि ओनर? आंटी म्हणाली, नेबर.

मी दोन्ही मेसेज तिला फॉरवर्ड केले. पाच मिनिटांनी उत्तर आलं, आधी अंगठा, मग मांजराचं तोंड, मग खाली, "दोन फावट घालूं नाका हां." म्हणजे दोनदा.