सर्व्हर रूममधला एसी

दारावर कागद होता. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, चारी बाजूंनी ब्राउन टेप. "सर्व्हर रूम. एसी बंद करू नये. आदेशावरून." खाली सही, सहीवर अर्धा चढलेला गोल शिक्का. सही करणाऱ्या साहेबांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती. सर्व्हरही तेव्हाच कधीतरी हलवलेला. आत मालमत्ता कराच्या जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे होते, हात तुटलेल्या तीन खुर्च्या, एक कॅरम बोर्ड आणि भिंतीवर १८ अंशांवर इमानेइतबारे चालणारा दीड टनाचा एसी.

एप्रिलमधली रात्र, सव्वाअकरा वाजलेले. मी, माझे तिसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी आणि चावीचा जुडगा घेतलेले शिपाईमामा, असे आठ जण त्या दारात उभे होतो. बाहेर पायऱ्यांचा दगड अजून गरम होता. आत हुडहुडी.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा पास झालोय, त्यामुळे 'ऑडिट' शब्द निघाला की लोक माझ्याकडे बघतात. आमच्या नगरपरिषदेचं आणि कॉलेजचं जमलं ते काही पर्यावरणप्रेमातून नाही. आम्हाला कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी समाजोपयोगी काम दाखवायचं होतं. त्यांना राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा'त गुण हवे होते. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं आहेत आणि वीजबचत अग्नीत मोडते. तर त्यांना अग्नी हवा होता, आम्हाला स्पायरल बाइंडिंगचा अहवाल. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, हार-नारळ झाले, फोटो निघाला. मला त्यात वावगं वाटत नाही. चांगली कामं पुष्कळदा अशाच भलत्या कारणांनी सुरू होतात.

इमारतीचं ऑडिट दिवसा करतात तसं रात्रीही करावं, हे मी मुलांना पहिल्या तासाला सांगतो. दिवसा सगळंच चालू असतं, त्यामुळे काहीच दिसत नाही. माणसं घरी गेल्यावर मीटर जे फिरतं, त्याचा मालक शोधायचा.

त्या रात्री मेन पॅनेलवर टाँग टेस्टर लावला, म्हणजे तारेला चिमट्यासारखा धरून वीज मोजायचं यंत्र. तिन्ही फेज मिळून ४.१ किलोवॅट. रिकाम्या इमारतीला एवढं कशाला लागतं? मग एकेका लाइनीचा एमसीबी, म्हणजे पॅनेलमधला खटका, पाडत गेलो. आवारातले दिवे, दोन वॉटर कूलर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बंद न केलेले संगणक. सगळ्यांचे हिशेब लागले. शेवटी एक एमसीबी उरला, नाव नसलेला. वर कधीकाळी स्केच पेननं काही लिहिलं होतं, ते पुसलेलं. तो पाडला तर आकडा धाडकन १.७ किलोवॅटनं खाली. मामांना विचारलं. "काय की सर, ते पहिल्यापासनंच हाय."

मुलांना तीन मजल्यांवर पिटाळलं. कुठे काही बंद पडलंय का बघा. काहीच बंद पडलं नव्हतं. शेवटी एमसीबी पुन्हा चढवला आणि जरा वेळानं मागच्या बोळात उभ्या असलेल्या एका मुलीला वरून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली. असे आम्ही त्या दारापाशी पोचलो.

"बंद करून टाकू का सर?" तिनं विचारलं. मामा मध्येच म्हणाले, "नका करू. लिहिलंय न्हवं."

आणि मी बंद केला नाही. खिशात सर्टिफिकेट, हातात टाँग टेस्टर, समोर सर्व्हर नसलेली सर्व्हर रूम, आणि तरी मी त्या शिक्क्याला भ्यालो. सकाळी कुणी विचारलं असतं, "कुणाच्या परवानगीनं?" तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालू करायला कुणाची परवानगी लागत नाही. बंद करायला लागते.

तिथे एनर्जी मीटर लावून ठेवला. सात दिवसांत १६८ युनिट. रोजचे २४. थंडीत थोडे कमी होतील असं धरलं तरी वर्षाला आठ हजार युनिट कॅरम बोर्ड थंड ठेवायला.

हा आकडा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

अहवाल ३२ पानांचा झाला. पहिली शिफारस: तो एसी बंद करा, खर्च शून्य. दुसरी: ८४ जुने पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा कमी विजेचा बीएलडीसी ३० च्या आसपास. म्हणजे पंख्यामागे ४५ वॅट. ८४ पंखे, रोजचे आठ तास, वर्षाचे २५० दिवस धरले तर ७,५६० युनिट वाचतात. अठ्ठावीसशेचा पंखा धरला तर खर्च दोन लाख पस्तीस हजार.

सादरीकरणात सगळ्यांनी पंख्यांबद्दल विचारलं. कुठल्या कंपनीचा, रिमोट येतो का, वॉरंटी किती. एसीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकट्या एसीची बचत ८४ पंख्यांपेक्षा जास्त होती आणि फुकट होती. पण फुकटच्या शिफारशीला निविदा लागत नाही, भूमिपूजन लागत नाही, आणि कुणाच्या नावावर ती जमाही होत नाही.

एसीसाठी टिपणी ठेवावी लागली. 'सदर कक्षातील सर्व्हर अन्यत्र स्थलांतरित झाला असल्याने सदर आदेश रद्द करणेस हरकत नसावी.' मसुदा मीच करून दिला, कारण मला आता 'करणेस' बरोबर जमतं. फाइल चार टेबलं फिरून २३ दिवसांनी खाली आली. २३ गुणिले २४, म्हणजे ५५२ युनिट. एसी बंद करायचा निर्णय होईपर्यंत एसीनं खाल्लेली वीज. तेवढ्यात आमच्या घराचे चार महिने निघतात.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा. मोठ्या व्यापारी इमारती कशा बांधाव्यात याची वीजबचतीची संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये ती नव्यानं लिहिली. लागू होते ती १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) यांपासून पुढे. २०२२ च्या दुरुस्तीनं राज्यांना ही मर्यादा खाली आणायची मुभा दिली. आमच्या नगरपरिषदेचा जोडभार ६४ किलोवॅट आणि इमारत जुनी, म्हणजे दोन्हीकडून बाहेर. संहिता मी वर्गात आवडीनं शिकवतो. भिंतीतून किती उष्णता आत येते, काच कशी निवडायची, सगळं त्यात आहे. पण ती नकाशा तपासते. इमारत बांधून झाल्यावर तिच्या दारावर कोण काय चिकटवतं, ते बघणं तिचं काम नाही.

पुणे महापालिका सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत असलं काही केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. माझ्या मेहुण्याच्या सोसायटीनं त्यासाठीच सोलर बसवलं. त्यांना फायदा कळतो, कारण बिल भरणारा, बटण दाबणारा आणि पैसे वाचवणारा एकच. सरकारी इमारतीत बिल लेखा विभाग भरतो, बटण मामा दाबतात, खरेदी तिसराच करतो. विजेच्या लेखाशीर्षात, म्हणजे बजेटातल्या विजेच्या खात्यात, वाचलेला रुपया पंख्यांच्या लेखाशीर्षात आपोआप जात नाही. उलट यंदा बिल कमी आलं तर पुढच्या वर्षी तरतूद कमी होते. लेखापालांनी हे मला चहा पिता पिता सांगितलं, अगदी प्रेमानं. "सर, वाचवलं की आमचंच बजेट कापतात हो."

पंखे मात्र जूनमध्ये आले. पहिले आठ दिवस गोंधळ. वायरमननं जुने रेग्युलेटर लाइनीत तसेच ठेवले, पंखे कण्हायला लागले. ते बायपास करून दिले. मग रिमोट. प्रत्येक टेबलच्या बाबूंनी आपला रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. एक बाबू बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकोसाठी गावी गेले, तर बांधकाम विभाग आठवडाभर पाचव्या स्पीडला. फाइलींवर दगड ठेवून कामं चालली.

पण खरी गंमत उतरवलेल्या पंख्यांची. जुनी वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असते. ती अशीच भंगारात देता येत नाही, आधी निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून रीतसर कमी करणं, करावं लागतं. त्याला समिती लागते, समितीची बैठक लागते. बैठक काही झाली नाही आणि पंखे जिन्याखाली रचून ठेवलेले. चांगले चालते पंखे असे पडलेले बघून माणसाचा जीव तुटतोच. ऑगस्टमध्ये मोजलं तर ३१ पंखे पुन्हा छताला गेले होते. व्हरांड्यात, झेरॉक्सच्या खोपट्यात, जन्म-मृत्यू दाखल्याच्या खिडकीसमोर. वाचलेल्या पावणेचार किलोवॅटपैकी सव्वादोनच्या वर पुन्हा लटकले.

मुलं चिडली. मीही आधी चिडलो. मग दाखल्याच्या खिडकीसमोर दहा मिनिटं उभा राहिलो. रांगेत एक बाई, खांद्यावर झोपलेलं बाळ. त्या जागेला आजवर पंखाच नव्हता. ही बचत आहे की वाढ, हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं मला अजून सुचलेलं नाही. मी 'सोय' असा एक रकाना वाढवलाय. नॅकवाले काय म्हणतात बघू.

परवा पुन्हा रात्रीचं मोजमाप घेतलं. ४.१ चं २.३ झालंय. एक वॉटर कूलर रात्री बंद ठेवतात, संगणकांचं अजून तसंच आहे. वर सर्व्हर रूमपाशी गेलो. दारावरचा कागद निघालेला, टेपचे चार पिवळे ओरखडे राहिलेले. आत मामा डबा खात होते. त्या खोलीत ते रोज जेवायचे हे मला तेव्हा कळलं. दीड टनाच्या गारव्याचा एकमेव लाभार्थी.

"मामा, आता उकडत असेल."

मामांनी तोंडातला घास संपवला आणि बोटानं वर दाखवलं. पंखा होता. जुना, ७५ वॅटचा, कपवर पांढऱ्या पेंटनं लिहिलेला डेड स्टॉक नंबर, दर फेऱ्याला जरासा खडखडणारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं वही उघडली, ३१ खोडून ३२ केलं आणि 'सोय'च्या रकान्यात एक खूण केली.